तीट

दार उघडलं आणि आधी वेखंडाचा वास आला. मी बूट काढायला वाकलो होतो, तो तसाच थांबलो. डेन्मार्कमधल्या आमच्या घरात वेखंड उगाळायचं काही कारण नव्हतं.

"हळू," आतून गौतमी म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय."

सोफ्यावर ती मांडी घालून बसली होती आणि मांडीवर बाळ होतं. तिच्या जुन्या सुती साडीत घट्ट गुंडाळलेलं, डोक्याला कुंची, गालावर काजळाची तीट. मला पटकन ओळखूच येईना. कुंची घातली की सगळी बाळं मिरजेची दिसतात. मग कुंचीच्या कडेतून बाहेर आलेलं पिवळं जावळ दिसलं.

"हा एमिल ना?"

"हं."

"टीने कुठंय?"

"असेल घरात."

"तिनं आणून दिला?"

गौतमी त्याला थोपटत राहिली. माझ्या एका पायातला बूट अजून तसाच होता.

टीने आमची शेजारीण. आमची घरं एका रांगेतली, भिंतीला भिंत लागून, मागे एवढंएवढंसं अंगण आणि मध्ये कमरेइतक्या झुडपांचं कुंपण. ती गावातल्या पाळणाघरात शिक्षिका होती आणि एमिलच्या वेळची रजा तिची चालू होती. नवरा यॅस्पर सुतारकाम करायचा, आणि एमिलच्या आधीची एक मुलगी होती, फ्रेया, चार वर्षांची. मी पवनचक्क्यांची पाती बनवणाऱ्या कारखान्यात होतो. त्या दिवशी कारखान्यातली वीज गेली म्हणून आम्हाला लवकर सोडलं होतं. पवनचक्क्या बनवणाऱ्यांचीच वीज गेली, यावर घरी येईपर्यंत बसमध्ये हसणं चाललं होतं. गौतमीला तो किस्सा कसा रंगवून सांगायचा हे मी वाटेत ठरवून आलो होतो.

तिथली बाळं दुपारी घराबाहेर झोपतात, हे आम्हाला आता नवीन नव्हतं. बर्फ असो, वारा असो, पिसांच्या पांघरुणात गुरफटून बाबागाडी अंगणात उभी करायची आणि आई आत. थंड हवेत मूल निरोगी होतं आणि झोपतंही छान, अशी त्यांची पक्की समजूत. आम्ही नवीन असताना गौतमीने एका कॉफीच्या दुकानाबाहेर अशा चार गाड्या ओळीने उभ्या पाहिल्या, आणि त्यांच्या आया येईपर्यंत कुडकुडत राखण केली. आया आल्या, गोड हसल्या आणि आपापली गाडी ढकलत गेल्या. तो किस्सा मी कारखान्यात सगळ्यांना सांगितला होता.

आज काय झालं ते तिने मला हळू आवाजात सांगितलं. दुपारी गारांसारखा बर्फ पडायला लागला. एमिल रडत होता. आधी कुरकुर, मग टाहो. बाळाचा आवाज आत ऐकू जावा म्हणून गाडीत एक यंत्र ठेवलेलं असतं, त्यामुळे टीने येईलच म्हणून ही स्वयंपाकघराच्या खिडकीत थांबली. टीने आली नाही. मग ही पुढच्या दाराशी गेली, बेल वाजवली, दार ठोकलं. कोणी उघडलं नाही. परत मागे आली तर पोराचा आवाज बसत चाललेला.

"मग उचललं," ती म्हणाली. "त्याला गप करून परत बेल वाजवायला जाणारच होते. पण मांडीवर झोपला. झोपलेलं मूल घेऊन उठवेना."

कुंची, वेखंड आणि काजळाची पितळी डबी तिच्या आईने आम्ही निघताना बॅगेत घातली होती. लागेल तेव्हा असू दे, म्हणाल्या होत्या. ती पिशवी कपाटाच्या वरच्या फळीवर सहा वर्षं बांधलेली होती. आम्हाला मूल नव्हतं. त्याबद्दल आम्ही बोलायचं थांबवलं होतं.

मी म्हटलं, चल, असंच घेऊन जाऊ आणि सांगू काय झालं ते. माझा स्वभावच तो. माझे वडील कोर्टात बेलिफ होते आणि खोटं न बोलणं ही आमच्या घराण्याची एकुलती एक इस्टेट. गौतमी मला चिडवताना राजा हरिश्चंद्र म्हणायची.

ती उठली नाही. "काय सांगायचं?" तिने विचारलं. "पोटी मूल नसलेल्या बाईनं दुसऱ्याचं मूल अंगणातून उचलून घरात नेलं. आपल्याकडं शेजारीण म्हणतील. इथं काय म्हणतील? आणि पुढच्या बुधवारी काय होईल?"

बुधवारचं मला माहीत होतं. त्या देशात तिच्यासमोर उघडलेलं ते पहिलंच दार होतं. मिरजेत ती बालवाडी चालवायची. डेन्मार्कला आल्यापासून भाषेच्या वर्गाला जायची, घर लख्ख ठेवायची आणि खिडकीत उभी राहायची. टीनेने तिला फ्रेयाशी खेळताना पाहिलं आणि आपल्या पाळणाघराच्या बाईंकडे तिचं नाव काढलं. मदतनीस हवी होती. बुधवारी मुलाखत होती आणि टीने स्वतः सोबत जाणार होती. परक्या बाईसाठी तिथे कोणी सहसा इतकं करत नाही. गौतमी महिनाभर डॅनिश वाक्यं पाठ करत होती, भाकरी थापतानासुद्धा.

तेव्हा मी गप्प बसलो. तिने कुंची सोडली, साडी सोडवली, त्याचे कपडे ठाकठीक केले. मी कुंपणाचं फाटक धरून उभा राहिलो आणि तिने एमिलला गाडीत निजवून पट्टे लावले, पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. त्याने डोळेही उघडले नाहीत. आम्ही आमच्या दारात पोचतो न पोचतो तोच टीनेचं मागचं दार उघडलं. केस विस्कटलेले, गालावर उशीची वळी. आम्हाला बघून तिने हात हलवला. गौतमीनेही हलवला. माझ्या मते खोटं तिथे सुरू झालं, कारण तोपर्यंत आम्ही नुसते घाबरलेलो होतो.

आत येऊन गौतमी ओट्याशी उभी राहिली आणि तिची नजर उघड्या डबीवर गेली.

"तीट," ती म्हणाली. "पुसायची राहिली."

दुसऱ्या दिवशी टीने कुंपणाशी आली. बोलताना ती नेहमी हसायची, त्या दिवशी हसत नव्हती. फ्रेयाला सर्दी झाली होती म्हणून ती काल घरीच होती, आणि टीनेचा जरा डोळा लागला तेव्हा, तिच्या म्हणण्याप्रमाणे, फ्रेयाने बाहेर जाऊन बाळाच्या गालावर काळ्या रंगाने रंगवून ठेवलं. एवढंच असतं तर गोष्ट वेगळी होती. पण रात्री अंघोळ घालताना तळपायावरही काळा ठिपका सापडला. म्हणजे तिने त्या थंडीत बाळाचे पट्टे सोडले, दोन-दोन मोजे काढले. काही झालं असतं म्हणजे? आणि तो रंग पाण्याने जात नव्हता.

एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ पाण्याने जात नाही, त्याला तेलाचं बोट लागतं. हे मला ठाऊक होतं, गौतमीला ठाऊक होतं, आणि आम्ही दोघेही टीनेच्या तोंडाकडे पाहत उभे होतो.

"रंगवलं त्याचं मला एवढं काही नाही," टीने म्हणाली. "ती माझ्या डोळ्यांत बघून नाही म्हणते. आणि वर गोष्ट रचते. म्हणे, बेल वाजली होती. म्हणे, कुणीतरी दार ठोकत होतं, पण आईनं सांगितलंय ना, दार उघडायचं नाही, म्हणून मी उघडलं नाही."

टीने गेल्यावर गौतमी खुर्चीवर बसली. पोरीने आईचं ऐकलं आणि तिच्यावरच किटाळ आलं. मी म्हटलं, आता तरी सांगायला हवं. तिने मान हलवली. मुलाखत होऊ दे, म्हणाली. त्यानंतर त्याच दिवशी सांगते.

"माझं मी सांगेन," ती म्हणाली. "तुम्ही मध्ये पडू नका."

हे तिने का म्हटलं ते सांगायला हवं. गौतमीला कोणी काही विचारलं की उत्तर मी द्यायचो. माझी इंग्रजी बरी होती, तिची अडखळायची, आणि समोरचा माणूस ताटकळत उभा आहे हे मला बघवायचं नाही. दुकानात, दवाखान्यात, बसमध्ये, ती तोंड उघडायची आणि वाक्य मी पुरं करायचो. टीनेच्या घरी पहिल्यांदा कॉफीला गेलो तेव्हा टीनेने तिला विचारलं, तू तिकडे काय करायचीस? मी बालवाडी सांगितली, पोरांची नावं सांगितली, ती त्यांना शिकवायची ते हातवारे करून दाखवलं. सगळे हसले, मजा आली. घरी आल्यावर ती म्हणाली, "बालवाडी माझी होती. सांगितली तुम्ही." मला वाटलं थट्टा करते आहे.

फ्रेयाच्या रंगाच्या कांड्या कपाटात वर गेल्या. भावाच्या गाडीजवळ एकटीने जायचं नाही असंही ठरलं. तिथे पोरांवर हात उचलत नाहीत, आवाजही चढवत नाहीत, नुसते दुःखी होऊन समजावत राहतात, आणि मला वाटतं पोरांना त्यापेक्षा दोन फटके सोसतील. फ्रेया रोज दुपारी कुंपणाशी यायची, बोट दाखवून गौतमीला एकेका वस्तूचं डॅनिश नाव शिकवायची. तशी आताही आली. पण वस्तू दाखवल्या नाहीत. एकच वाक्य म्हणाली आणि उभी राहिली.

गौतमी आत येऊन मला म्हणाली, "ती म्हणते, मी नाही केलं. मला सगळं वाक्य कळलं."

त्या आठवड्यात गौतमी नीट जेवली नाही. मुलाखतीची वाक्यं पाठ करायचंही तिने थांबवलं. मी रोज रात्री तिच्याकडे बघायचो आणि ती दिवा घालवायची. मला राग यायचा, तिचा नाही म्हणता येणार, पण तिच्यामुळे आपण खोट्यात अडकलो असं मनात यायचंच. कामावरून येताना टीनेच्या घरावरून जायचं टाळून मी मागच्या गल्लीने यायला लागलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. टीनेने एकदा मला विचारलं, गौतमी बरी आहे ना? मी म्हटलं, मुलाखतीची धास्ती. खोटं न बोलणाऱ्या घराण्यातल्या माणसाला ते किती सहज जमलं याचं मलाच नवल वाटलं.

मुलाखतीच्या आधीच्या रविवारी फास्टेलाउन होता. थंडी संपत आली की तिथे पोरांचा हा सण येतो. पोरं सोंगं घेतात, चेहरे रंगवतात आणि टांगलेलं एक लाकडी पिंप दांडक्याने बडवून फोडतात. पिंपात गोळ्या-चॉकलेटं असतात. पूर्वी म्हणे आत खरीखुरी मांजर कोंडायचे, आता नुसतं बाहेरून मांजराचं चित्र काढतात. आमच्या रांगेच्या मोकळ्या जागेत पिंप टांगलं होतं. गौतमी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिली. मला ते बरंच वाटलं.

राजपुत्र आले, चेटकिणी आल्या, एक मधमाशी आली. फ्रेया मांजर झाली होती. काळा अंगरखा, मागे शेपूट, डोक्यावर कान. टीनेने तो महिनाभर खपून शिवला होता. पण तोंड कोरं होतं. बाकीच्या पोरांचे चेहरे इतके रंगलेले की त्यांत तिचा गोरा चेहरा धुऊन ठेवल्यासारखा दिसत होता.

यॅस्पर मला थर्मासमधली कॉफी देत होता. मी विचारलं, मिशा नाही काढल्या?

"तिला नको," तो म्हणाला. "आम्ही काढतो म्हणालो. काळा रंग घरात आणायचाच नाही म्हणते. आणला तर पुन्हा मीच केलं म्हणाल."

तिची पाळी आली. तिने दांडकं उचललं आणि पिंपाला हळूच लावलं, कोणाला लागेल की काय अशा बेताने. मग दांडकं पुढच्या मुलाच्या हातात दिलं आणि येऊन बापाच्या पायाला चिकटून उभी राहिली.

मला ते सोसवेना. खरंच सोसवेना, त्यात काही ढोंग नव्हतं. मी यॅस्परला जरा बाजूला घेतलं आणि म्हटलं, ते फ्रेयाने केलेलं नाही. पुढचं सगळं सांगून टाकलं. गारा, रडणं, बेल, कुंची, वेखंड, काजळ. कुठे अडखळलो नाही. गौतमीची बाजूही मी नीट मांडली, तिचा हेतू किती चांगला होता तेही सांगितलं. बोलून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं की थंडीत कोट काढून टाकावासा वाटला. आज लाज वाटते ती त्या हलकेपणाची.

यॅस्परने पेला भिंतीच्या कठड्यावर ठेवला, फ्रेयाला उचलून कडेवर घेतलं आणि लांब ढांगा टाकत घराकडे निघाला. मी मागून. एमिल लहान म्हणून टीने त्याला घेऊन घरीच थांबली होती. आधी यॅस्पर तिला सांगेल, मग मी घरी जाऊन गौतमीला घेऊन येईन, ती माफी मागेल, टीने समजूतदार आहे, असा सगळा हिशेब मी चालता चालता मांडून ठेवला.

त्यांच्या दारात गौतमीचे बूट होते.

तिची ती सवय होती, टाचा जोडून, तोंड दाराकडे करून ठेवायची, देवळाबाहेर ठेवतात तसे. मला तरीही कळलं नाही. मला वाटलं, डोकेदुखीची गोळी मागायला आली असेल.

स्वयंपाकघरात टेबलाशी ती खुर्चीच्या कडेवर बसली होती. अंगातला कोट काढलेला नव्हता, बटणंही लावलेलीच. उजवी मूठ मिटलेली. समोर टीने, खांद्यावर एमिल, आणि टेबलावर नुकतीच ओतलेली कॉफी, तिची वाफ जात होती. गौतमीने माझ्याकडे पाहिलं आणि मग यॅस्परकडे. तिने तोंड उघडलं होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण यॅस्पर आत येता येताच बोलायला लागला. दोन-तीनच वाक्यं. डॅनिश होती, तरी त्यात माझं नाव होतं आणि तिचं नाव होतं.

तिलाही ती कळली. तिचे ओठ मिटले. मग तिने मूठ उघडली आणि पितळी डबी टेबलावर ठेवली.

टीनेने डबीकडे पाहिलं. "हे काय?" तिने विचारलं.

मी सांगायला पुढे झालो. गौतमीने माझ्याकडे न बघता हात आडवा केला. मोडक्या-तोडक्या डॅनिशमध्ये आणि लागेल तिथे इंग्रजी लावून ती बोलायला लागली. हे काजळ. दिव्याचं. बाळाच्या गालाला लावतात, तळपायाला लावतात. नजर लागू नये म्हणून.

"कुणाची नजर?" टीने म्हणाली. "तिथे होतं कोण?"

"मी होते," गौतमी म्हणाली. "माझी लागेल म्हणून लावलं."

सहा वर्षं मी तिचं प्रत्येक वाक्य पुरं केलं होतं. हे मला कधी सुचलं नसतं.

टीनेने एमिलला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. ती म्हणाली की तू त्याला आत नेलंस हे मला कळतं. मीच झोपले होते, त्या यंत्राची बॅटरी संपलेली मी पाहिली नव्हती, आणि त्या दिवसापासून मला स्वतःची लाज वाटते आहे. कदाचित म्हणूनच फ्रेयावर इतकी चिडले. पण फ्रेया रोज तुझ्याकडे कुंपणाशी येत होती, आणि तू तिला बघत होतीस.

"हो," गौतमी म्हणाली.

"आणि आज तुझ्या नवऱ्यानं सांगितलं म्हणून मला कळलं. तू सांगितलं असतंस, तर बुधवारी मी तुझ्याबरोबर आले असते. तिथेही आपण दोघींनी सांगितलं असतं. आता मी तिथे काय म्हणू? मुलांच्या बाबतीत काही घडलं तर ही सांगेल, असं मला म्हणता येत नाही."

गौतमी म्हणू शकली असती की मी त्यासाठीच आले होते. कोट अंगात होता, डबी मुठीत होती, बुधवारपर्यंत थांबायचं सोडून ती आजच उठून आली होती, बुधवार पणाला लावून. मी तिच्याकडे बघत होतो की आता म्हणेल. ती गप्प बसली. पकडला गेलेला प्रत्येक माणूस हेच म्हणतो की मी सांगणारच होतो. ते तिला कळत होतं, आणि मलाही त्याच वेळी कळलं, टेबलावरच्या डबीकडे बघताना.

हरिश्चंद्राच्या गोष्टीत बाजारात विकायला आधी उभी राहते ती तारामती. लहानपणापासून ती गोष्ट ऐकत आलो, पण मी नेहमी राजाकडेच बघत होतो.

फ्रेया बापाच्या कडेवरून उतरली होती. गौतमी खुर्चीवरून उठली, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि एक वाक्य म्हणाली. ते तिने पाठ केलं असणार, कारण त्यात एकही शब्द अडला नाही. यॅस्परने मला नंतर त्याचा अर्थ सांगितला. तू खरं बोललीस, मी खोटं बोलले, बेल मी वाजवली होती.

फ्रेयाने आईकडे पाहिलं, मग डबीकडे. डबी उचलून तिने वास घेतला. मग बोटाने स्वतःच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना रेघा ओढून दाखवल्या.

गौतमीने टीनेकडे पाहिलं. टीने खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर पोरं पिंप बडवत होती, त्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने टीनेने मान डोलावली. गौतमीने करंगळी काजळात बुडवली आणि एकेक मिशी काढली, अगदी सावकाश, तीन इकडे आणि तीन तिकडे. नाकाच्या शेंड्यावर ठिपका लावला. मग बोट उचलून क्षणभर थांबली आणि पोरीच्या कानामागेही एक लावला.

घर दहा पावलांवर होतं. आत आल्यावर तिने कोट काढून खुंटीला लावला.

"तू सांगायलाच गेली होतीस," मी म्हटलं.

"काजळाला डॅनिश शब्द सापडेना. म्हणून डबी नेली. टीनेनं आधी कॉफी ओतली, मग एमिल रडला, त्याला घेतलं. मी म्हटलं, बसू दे तिला."

"मी परत जातो. सांगतो तिला, तू आधीच आली होतीस, मला माहीतच नव्हतं. माझ्यामुळे..."

मी दाराकडे वळलोसुद्धा होतो. तिचा आवाज चढला नाही.

"तेही तुम्हीच सांगणार?" ती म्हणाली.

मी बूट घालायला वाकलो होतो, तो तसाच राहिलो.

बुधवारी ती कुठे गेली नाही. पुढे गावाबाहेरच्या काचघरात टमाटे खुडायचं काम तिला मिळालं, तिथे बोलावं लागत नसे. टीनेशी बोलणं बंद झालं असं नाही. कुंपणावरून विचारपूस व्हायची, आणि फ्रेया तर शाळेत जायला लागेपर्यंत यायची. पण एमिलला कोणी पुन्हा गौतमीच्या हातात दिलं नाही आणि तिनेही कधी हात पुढे केला नाही. माझ्या कराराची मुदत संपली तेव्हा मी तो वाढवला नाही. सामान बांधताना वरच्या फळीवरची पिशवी तिने स्वतः बांधली.

आता मिरजेत तिची बालवाडी आहे. नवे पालक येतात, मुलाला सोडतात, जरा ओळख झाली की त्यांना कळतं की बाई परदेशात होत्या. मग ते हमखास विचारतात, एवढा चांगला देश सोडून परत कशाला आलात? विचारतात तिला, आणि मी तिथेच कुठेतरी पेपर वाचत असतो.

"तिथली थंडी मानवली नाही," गौतमी सांगते.

तिला थंडी कधीच बाधली नव्हती. बर्फात ती नुसती शाल घेऊन कचरा टाकायला जायची. मला हे माहीत आहे आणि तिला माहीत आहे की मला माहीत आहे. मी पेपर खाली ठेवतो, आलेल्यांना चहा घेणार का विचारतो आणि आत जातो.